मडक्याचा पुत्र



मार्च २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस इराकला गेले, तेव्हा अब्राहामाच्या ऊर नगरीत त्यांनी याझिदी समाजाच्या दुःखाचा मुद्दाम उल्लेख केला. हा समाज समजून घ्यायचा, तर त्यांच्या आदामकथेपासून सुरुवात केलेली बरी, असे आम्हांस वाटते.

आदाम व एवा याझिदींनाही मान्य आहेत. पुढची कथा मात्र निराळी. मूल नेमके कोणाच्या बीजातून होते, यावरून दोघांत वाद झाला. दोघांनी आपापले बीज एकेका मडक्यात ठेवून ते बंद केले. नऊ महिन्यांनी एवेच्या मडक्यातून किडे व विंचू निघाले. आदामाच्या मडक्यात मात्र सुंदर बालक होते. त्याचे नाव शहीद बिन जर, म्हणजे मडक्याचा पुत्र शहीद. याझिदी स्वतःला त्याचे वंशज मानतात. बाकीची मानवजात आदाम-एवा ह्या दोघांपासून झाली. (एवामातेवर ह्या कथेत अन्याय झाला, असे आमच्या भगिनी म्हणतील. ते खरेच आहे.)

ही कथा हसून सोडून देता येत नाही, कारण तिच्या जोडीला कडक नियम आहे. वंशच वेगळा, तर बाहेरच्याला प्रवेश कसा मिळणार? धर्मांतराने कोणी याझिदी होत नाही. आई आणि वडील दोघेही याझिदी हवेत. बाहेर लग्न केले की माणूस समाजाला तुटला. आतही शेख, पीर व मुरीद असे जन्मजात वर्ग आहेत आणि त्यांच्यात आपसांत विवाह होत नाहीत. लालिश येथील पांढऱ्या झऱ्याच्या पाण्याने त्यांचाही स्नानविधी होतो. पण आपला स्नानसंस्कार कोणालाही ख्रिस्तसभेत घेतो, त्यांचा विधी जन्माने याझिदी असलेल्यालाच.

इतिहास वेगळे सांगतो. लालिशला ज्यांची कबर आहे ते शेख अदी मूळचे लेबनॉनचे सूफी संत. ते सुमारे ११६२ मध्ये वारले. त्यांचे अनुयायी व त्या डोंगराळ भागातील जुन्या श्रद्धा यांतून हा समाज घडला. म्हणजे उगम एक आणि उगमाविषयीची श्रद्धा दुसरी. तत्त्वज्ञानात हे दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात; माणसे जगतात ती बहुधा दुसऱ्यावर.

त्यांचा प्रमुख देवदूत तावुसी मेलेक, मोररूपी. मोर पाहून आपल्याकडे काहीजण थेट कार्तिकेयाशी नाते जोडतात; त्याला भक्कम आधार आम्हांस दिसत नाही. शेजाऱ्यांनी मात्र ह्याच देवदूताला सैतान ठरवून याझिदींना 'सैतानपूजक' म्हटले व शतकानुशतके छळले. ३ ऑगस्ट २०१४ रोजी इसिसने सिंजारवर हल्ला केला. हजारो मारले गेले, हजारो स्त्रिया व मुली गुलाम म्हणून विकल्या गेल्या.

सुटून आलेल्या स्त्रियांचे काय करायचे? जुन्या रीतीप्रमाणे त्या बाहेरच्या ठरल्या असत्या. पण सर्वोच्च धर्मगुरू बाबा शेख खुर्तो हाजी इस्माईल यांनी त्या आपल्याच आहेत असे जाहीर केले, आणि लालिशच्या झऱ्यावर त्यांचे पुन्हा स्नान झाले. एवढ्या जुन्या नियमाला असा बाक देणे सोपे नव्हते.

बलात्कारातून जन्मलेल्या मुलांपाशी मात्र गाडी अडली. एप्रिल २०१९ मध्ये धर्मपरिषदेच्या निवेदनातून मुलांनाही स्वीकारल्याचा अर्थ निघाला. काही दिवसांतच खुलासा आला की ही मुले त्यात नाहीत. बाप याझिदी नाही, हे कारण. इराकचा कायदाही आड येतो : बाप मुस्लिम, तर मूल मुस्लिम. मग काही माता मूल अनाथालयात ठेवून घरी परतल्या. काहींनी मूल कडेवर घेतले, आणि त्या परतल्याच नाहीत.