सनद सगळ्यांची सारखीच

चि. मृण्मयी हिस,


तू पाठवलेलं माहितीपत्रक आणि भाऊजींनी बँकेतून आणलेले कर्जाचे कागद, दोन्ही नीट वाचले. पाच वर्षांचा बी.ए. एलएल.बी., पुण्याजवळचं खासगी विद्यापीठ, फी-हॉस्टेल-मेस धरून वर्षाला तीन लाख, आणि देशाच्या क्रमवारीत नाव कुठेच नाही. एवढे पैसे घालावेत का, असं तू विचारलं आहेस. या भावात घालू नयेत, असं माझं मत आहे. कॉलेज बिननावाचं आहे, हे त्याचं कारण नाही. तालुक्या-जिल्ह्याच्या कोर्टांत उभे राहणारे बहुतेक वकील अशाच कॉलेजांतून आलेले असतात आणि त्यांचं त्यावाचून काही अडलेलं नाही. बिननावाच्या कॉलेजाला नावाजलेल्या कॉलेजाचा भाव द्यायचा, आणि तोही कर्ज काढून, याला माझा विरोध आहे.

आधी क्रमवारीची भीती मनातून काढ. केंद्र सरकारची एनआयआरएफ क्रमवारी कायद्याच्या संस्थांसाठी २०१८ पासून निघते आणि तिच्यात मोजकीच नावं असतात. तिची गुणांची वाटणी पाहिलीस तर शंभरातले तीस गुण संशोधनाला, म्हणजे मुख्यतः प्राध्यापकांनी किती लेख छापले याला. दिवाणी कोर्टात मनाई हुकुमाचा अर्ज कसा लिहायचा, हे त्या तीस गुणांतून कुणालाच कळत नाही. तरीही वरच्या नावांना अर्थ आहे. तो कशात आहे ते समजून घे. बेंगळुरूचं नॅशनल लॉ स्कूल, हैदराबादचं नालसार, कोलकात्याचं एनयूजेएस इथे मोठ्या लॉ फर्म आपणहून मुलं निवडायला येतात. देशात कायद्याची हजाराहून अधिक कॉलेजं आहेत, सगळीकडे फिरणं कुठल्याही फर्मला परवडणारं नाही. क्लॅट परीक्षेच्या चाळणीतून मुलं आधीच निवडली गेलेली असतात आणि फर्म त्या चाळणीचा फायदा उचलतात. ती चाळणी फीवर चालत नाही, याचा पुरावा मुंबईत चर्चगेटजवळ उभा आहे. गव्हर्नमेंट लॉ कॉलेज १८५५ पासूनचं, सरकारी, वर्षाची फी काही हजारांत; तरी मोठ्या फर्मचं तिथल्या मुलांकडे लक्ष असतं, कारण राज्याच्या सीईटी प्रवेशपरीक्षेत वरचे गुण पडल्याशिवाय तिथे जागाच मिळत नाही. तुझ्या माहितीपत्रकात प्रवेशाची अट बारावीला ४५ टक्के एवढीच दिसते. बार कौन्सिलने ठरवलेली किमान अटही तीच. म्हणजे इथे चाळणी नाही. मग फर्म येणार कशासाठी? सरावासाठीचं वातानुकूलित मूट कोर्ट पाहायला तर नक्कीच नाही.

आता जे सगळ्यांना सारखं मिळतं त्याकडे ये. १९६१ च्या अधिवक्ता कायद्याप्रमाणे मान्यताप्राप्त संस्थेची कायद्याची पदवी असली की राज्याच्या बार कौन्सिलकडे नोंदणी होते आणि सनद मिळते. त्या सनदेत पहिल्या क्रमांकाच्या आणि शेवटच्या क्रमांकाच्या कॉलेजासाठी वेगळे रकाने नाहीत. नोंदणीची फीसुद्धा कायद्यात लिहिलेली आहे, खुल्या प्रवर्गाला एकूण ७५० रुपये. राज्यांच्या बार कौन्सिल त्याच्या कित्येक पट पैसे घेत होत्या, ते जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा ठरवलं. त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा; घटनापीठाने २०२३ मध्ये ती वैध ठरवली आहे, आणि तीही सगळ्यांना एकच. एवढं झालं की तू आणि नॅशनल लॉ स्कूलची पदवीधर एकाच न्यायाधीशासमोर एकाच हक्काने उभ्या राहू शकता. पक्षकार वकिलाची पदवी कुठली हे क्वचितच विचारतो. आपल्या गावातल्या कुणाचं काम त्याने नीट केलं, हे मात्र तो विचारतो.

तेव्हा फरक उरतो पैशाचा, आणि खरी अडचण इथेच आहे. दरवर्षी तीन लाखांप्रमाणे कर्जाची मूळ रक्कम पंधरा लाख. कागदांवर व्याज ११ टक्के आहे. शिक्षणाची पाच वर्षं आणि नंतरची एक वर्षाची सवलत, या काळात हप्ता नसला तरी सरळव्याज चढत राहतं. मी मांडून पाहिलं, ते साधारण ६ लाख ६० हजार होतं. म्हणजे फेड सुरू होईल त्या दिवशी डोक्यावर साडेएकवीस लाखांच्या वर. दहा वर्षांत फेडायचे तर हप्ता महिन्याला तीस हजारांच्या आसपास. आता दुसरी बाजू बघ. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअर वकिलांना शहरात किमान २० हजार आणि ग्रामीण भागात किमान १५ हजार विद्यावेतन द्यावं अशी शिफारस केली. नुसती शिफारस, सक्ती नाही; कित्येक ठिकाणी ज्युनिअरच्या हातात याहून खूप कमी पडतं. म्हणजे शिफारस शब्दशः पाळणारा सिनिअर तुला पुण्यात भेटला, तरी तुझी सगळी कमाई आणि वर दहा हजार बँकेला जाणार. खोलीचं भाडं, डबा, बस यांचा हिशेब अजून धरलेलाच नाही. साडेसात लाखांवरच्या कर्जाला बँका सहसा तारण मागतात, त्यामुळे तुमचं मिरजेचं घर या व्यवहारात अडकेल ते वेगळंच.

यावर तू म्हणशील की सगळ्याच वकिलांची सुरुवातीची वर्षं ओढाताणीची असतात, पुढे मिळतात पैसे. बरोबर आहे, आणि म्हणूनच कर्ज नको म्हणतो आहे. वकिली हा पहिल्या चार-पाच वर्षांत कमी मिळवून शिकायचा धंदा आहे. चांगल्या सिनिअरकडे पैसे कमी आणि काम भरपूर असतं. ड्राफ्ट दहा वेळा खोडले जातात, साक्षीदाराची उलटतपासणी मागे बसून ऐकायला मिळते. तीस हजारांचा हप्ता डोक्यावर असलेल्या मुलीला ती खुर्ची परवडत नाही. ती एखाद्या कंपनीत करार तपासण्याच्या किंवा वसुलीच्या नोटिसा पाठवण्याच्या पगारी कामाला लागते. ते काम वाईट नाही, पण ते करण्यासाठी तुला वकील व्हायचं नव्हतं. न्यायाधीश होण्याचं तुझ्या मनात आहे, तिथेही हेच आडवं येतं. मे २०२५ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षं वकिलीची अट परत आणली आहे. पदवी हातात पडताच परीक्षा देऊन पगार सुरू करायचा, हा मार्ग आता बंद आहे. ती तीन वर्षं कमी पैशांत काढावीच लागतील, आणि बँकेची सवलत पहिल्याच वर्षाअखेर संपलेली असेल.

माहितीपत्रकात ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ असं मोठ्या अक्षरांत छापलंय. भाऊजींना ते फार आवडलेलं दिसतं. त्यात किती मुलं होती, कुठल्या कामावर लागली, पगार किती, यातलं काहीच नाही. अमेरिकेत बार असोसिएशनची मान्यता असलेल्या प्रत्येक लॉ स्कूलला पदवीनंतर दहा महिन्यांनी किती मुलं कसल्या नोकरीत आहेत ते ठरावीक नमुन्यात जाहीर करावं लागतं. आपल्याकडे सगळ्या कॉलेजांवर असं बंधन नाही. पण जी संस्था एनआयआरएफला अर्ज करते, तिला नोकरी लागलेल्यांचा आकडा आणि त्यांचा मध्यक पगार द्यावा लागतो आणि ती माहिती आपल्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. क्रमवारीत नंबर आला नाही तरी अर्ज केलेला असू शकतो. तो कागद माग. मध्यक पगार म्हणजे निम्म्या मुलांना त्याहून कमी आणि निम्म्यांना जास्त. सरासरीसारखा तो एखाद्या श्रीमंत अपवादाने फुगत नाही. अर्जच केला नसेल, तर गेल्या वर्षी बाहेर पडलेल्या सगळ्या मुलांची यादी माग, निवडक आठ जणांचे फोटो नकोत.

तुझा सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे. स्वस्त अनुदानित कॉलेजांत शिकवत नाहीत, हजेरी कागदावर लागते, इंग्रजी सुधारत नाही, आजूबाजूला महत्त्वाकांक्षी मुलं नसतात, असं तू लिहिलं आहेस. यातलं बरंचसं खरं आहे, मी ते खोडून काढणार नाही. चांगल्या वर्गमित्रांची उणीव तर खरोखर जाणवते आणि ती पुस्तकांनी भरून निघत नाही. पण पंधरा लाख देऊनही ती इथे भरून निघेल का? वर्गातली मुलं प्रवेशाच्या अटीवर ठरतात, आणि ती अट आपण वर पाहिली. बाकीच्या गोष्टी कॉलेजाबाहेर मिळवता येतात. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान वीस आठवड्यांची इंटर्नशिप करावीच लागते. बरीच मुलं ओळखीच्या वकिलाकडून प्रमाणपत्र आणून हे वीस आठवडे उरकतात. तू ते खरेखुरे काढलेस, आणि सुट्ट्यांत त्याच्या दुप्पट काढलेस, तर मूट कोर्टची उणीव भासणार नाही. घरी राहून कोल्हापूर-सांगलीच्या कॉलेजात शिकण्याचा आणखी एक फायदा २०२५ च्या ऑगस्टपासून मिळाला आहे. मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झालं. सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गची प्रकरणं तिथे चालतात. उच्च न्यायालयाचं काम बघायला आता मुंबईत खोली घ्यावी लागत नाही, मिरजेहून सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळी परत येता येतं. खालच्या कोर्टांची भाषा मराठी आहे, हेही विसरू नकोस. कैफियत चोख मराठीत लिहिणारा वकील आता शोधावा लागतो, आणि तुझं मराठी चांगलं आहे.

घरात कुणीतरी तुला भूषण गवई आणि शरद बोबडे यांची उदाहरणं देईल: एक अमरावतीत शिकले, दुसरे नागपुरात, दोघेही सरन्यायाधीश झाले. उदाहरणं खरी आहेत, पण त्यांच्यावर फार विसंबू नकोस. गवईंचे वडील रा. सू. गवई राज्यपाल होते, बोबडेंचे वडील राज्याचे महाधिवक्ता. ज्या घरात ओळख आणि आधार आहे, तिथल्या मुलाची सुरुवातीची वर्षं निभावून जातात. आपल्या घरात काळा कोट कुणीच घातलेला नाही. तुझ्यामागे नाव नाही, तेव्हा निदान पैसा हवा, आणि तो कॉलेजाच्या खात्यात जमा करून टाकण्यापेक्षा त्या वर्षांसाठी राखून ठेवलेला बरा. भाऊजी कर्जाशिवाय पाच लाख उभे करू शकतात, असं ताई म्हणाली. तेवढे मुदत ठेवीत टाकले, तर सनद मिळाल्यावर छत्तीस महिने तुला दरमहा चौदा हजार तरी मिळतील. त्या बळावर तू हवा तो सिनिअर निवडू शकशील, न्यायाधीशाच्या परीक्षेची तीन वर्षंही त्यातच पुरी होतील.

सरकारी सवलतींचं गणितही त्याच बाजूला झुकतं. २०२४ पासून राज्यात आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. मात्र प्रवेश राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या (कॅप) फेरीतून झालेला हवा. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं त्यातून वगळली आहेत. तुझं विद्यापीठ नेमकं त्याच वगळलेल्यांत बसतं. केंद्राची विनातारण पीएम-विद्यालक्ष्मी योजना क्रमवारीवरून निवडलेल्या संस्थांनाच लागू होते, म्हणजे तीही इथे उपयोगी नाही.

अपवाद सांगतो. याच विद्यापीठाने पाचही वर्षांच्या फीत निम्म्याहून अधिक सवलत लेखी दिली, तर मी पुन्हा विचार करीन. पहिल्या वर्षी सवलत आणि पुढे ‘ठरावीक सीजीपीए राखल्यास’ अशी अट असेल, तर गेल्या वर्षी किती मुलांची सवलत टिकली ते विचार. सीईटीत यंदा मनासारखं कॉलेज नाही मिळालं, तर बी.ए. करून नंतर तीन वर्षांचा लॉ हाही मार्ग आहे. त्याला कुणी कमी लेखत असेल तर लेखू दे.

कॅपच्या पर्यायांत कोल्हापूरचं शहाजी लॉ कॉलेज घालायला विसरू नकोस, आणि ईडब्ल्यूएसचा दाखला आत्ताच तहसीलमधून काढून घे, शेवटच्या आठवड्यात तिथे रांग असते. कर्जाच्या कागदांवर पहिली फेरी लागेपर्यंत सही करू नका, असं भाऊजींना माझं नाव सांगून सांग. रागावले तर मला फोन करायला लाव.

तुझा,
मामा