भांगातल्या पांढऱ्या रेघेचं काय करायचं?

प्रश्न : मी एकसष्ट वर्षांची, निवृत्त शिक्षिका. चाळिशीपासून केस रंगवते. आधी मेंदी, मग डाय. आता दर तीन आठवड्यांनी वाटी आणि ब्रश घेऊन आरशासमोर बसायचा कंटाळा आला आहे. सोडून द्यावं म्हटलं तर सूनबाई म्हणतात, "आई, एकदम थकल्यासारख्या दिसाल." धाकटी बहीण म्हणते, "काळे ठेवून कुणाला फसवतेस?" आमच्या ह्यांचं डोकं पन्नाशीतच पांढरं झालं, त्यांना कुणी काही विचारलं नाही. माझी शंका अशी : रंग थांबवला की नक्की काय होतं, किती दिवस चालतं, आणि इतकी वर्षं लावलेला रंग अंगाला बाधला असेल का? (एक वाचक, मिरज)

उत्तर : सूनबाईंना आणि बहिणीला थोडा वेळ बाहेरच्या खोलीत बसवा. आधी आपण हिशेब करू.

डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. कांद्याचा रस, जास्वंदीचं तेल, मावशींचा खास काढा, कशानेही हा वेग फारसा बदलत नाही. रंगवलेला केस पुन्हा आपला आपण मूळ पांढरेपणावर येत नाही. मुळाशी उगवतो तो नवा केस पांढरा असतो, आणि जुना रंग जातो तो शेवटी कात्रीनेच. तुमचे केस खांद्याखाली, समजा तीस सेंटिमीटर असतील, तर पूर्ण पांढरे व्हायला अडीच वर्षं. बॉबकट असेल तर सव्वा वर्ष. बॉयकट करायची हिंमत असेल तर सहा-सात महिन्यांत मोकळ्या.

सगळ्यात वाईट काळ तिसऱ्या ते आठव्या महिन्यातला. भांगाच्या दोन्ही बाजूंना तीन-चार बोटं पांढरं, खाली काळं, टोकाला तांबूस. या काळात भेटणारा प्रत्येक जण "बरं नाही का?" असं विचारतो, आणि बहुतेक बायका इथेच पुन्हा डायचं पाकीट उघडतात. २०२०च्या टाळेबंदीत पार्लरं महिनोन्‌महिने बंद राहिली, तेव्हा हा काळ कितीतरी जणींचा घरातल्या घरात निभावून गेला. बघायला कुणी नव्हतंच. तुम्हाला ती सवलत नाही, म्हणून थोडी युक्ती करावी लागेल. सरळ भांग पाडू नका, नागमोडी पाडा, रेघ मोडते. पार्लरमध्ये बारीक फिकट बटा करून घेतल्या तर पांढरं आणि काळं यांच्यामधली सीमा पुसट होते. आणि दर दोन महिन्यांनी टोकं कापत राहा. घट्ट अंबाड्याने मात्र काही झाकलं जात नाही, उलट कपाळावरची रेघ जास्तच उठून दिसते.

आता, तीन आठवड्यांनी कंटाळा का यायला लागला? चाळिशीत दहा केसांत एखादा पांढरा होता, तेव्हा डाय त्या एकाला लपवत होता. एकसष्टीला उलटं झालं. दहातले सात-आठ पांढरे, आणि त्यांच्यावर काळ्याचा मुलामा. डाय तोच, वाढीचा वेगही जवळपास तोच, पण फरक इतका तीव्र की आठवड्यात रेघ दिसते. तुम्ही आळशी झालेल्या नाहीत.

रंग अंगात भिनतो का, याचं उत्तर दोन भागांत द्यावं लागेल, कारण आपण भलत्याच गोष्टीला घाबरतो आणि घाबरायची ती सोडून देतो.

कर्करोगाची भीती बहुतेकींच्या मनात असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१० साली प्रसिद्ध केलेल्या मूल्यमापनात, दिवसभर रंगांत हात घालणाऱ्या केशकर्तनकारांच्या कामाला 'बहुधा कर्करोगकारक' या वर्गात टाकलं. घरी स्वतःचे केस रंगवणाऱ्यांबाबत मात्र निष्कर्ष काढण्याइतका पुरावा नाही, असं म्हटलं. पुढे २०२०मध्ये अमेरिकेतल्या १,१७,२०० परिचारिकांच्या छत्तीस वर्षांच्या नोंदी तपासल्या गेल्या. बहुतेक कर्करोगांचा धोका कायमस्वरूपी डाय वापरणाऱ्यांत वाढलेला दिसला नाही. त्वचेच्या कर्करोगाचा एक सौम्य प्रकार, स्तनाच्या कर्करोगाचे काही प्रकार आणि बीजकोशाचा कर्करोग यांत थोडी वाढ दिसली. या बहुसंख्य स्त्रिया गोऱ्या होत्या, हेही लक्षात ठेवायचं. एवढ्यावरून वीस वर्षांच्या रंगाबद्दल रात्री जागत बसू नये, असं मला वाटतं. (पार्लरमध्ये हातमोजे न घालता दिवसाला दहा डोकी रंगवणाऱ्या मुलीची काळजी करायला मात्र हरकत नाही.)

घाबरायचं ते ॲलर्जीला. कायमस्वरूपी काळ्या रंगात पॅरा-फिनिलिन-डायअमीन, म्हणजे पीपीडी, नावाचं रसायन असतं. ते काहींच्या कातडीला सोसत नाही. कान, कपाळ, पापण्या सुजतात, टाळूवर पाणी सुटतं. यातली खोच अशी की ही ॲलर्जी पहिल्या दिवशी येईलच असं नाही, दहा-पंधरा वर्षं बिनतक्रार लावल्यावरही येते. एकदा आली की सहसा जन्माची. म्हणून पाकिटावर लिहिलेली चाचणी, कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला ठिपका लावून अठ्ठेचाळीस तास थांबायची, प्रत्येक वेळी करायची असते. करतं कोण? मला तरी अजून कुणी भेटलेलं नाही. 'अमोनिया नाही' असं ठळक छापलेलं असतं त्याचाही गैरसमज नको. अमोनिया केसाचं वरचं खवल्यांचं आवरण उघडायला असतो, त्याच्या जागी दुसरं काहीतरी घातलेलं असतं. पीपीडी आतच असू शकतं.

आणि काळी मेंदी! मेंदीचं पान नारिंगी-लाल रंग देतं, काळा देऊच शकत नाही. काळी म्हणून विकली जाणारी मेंदी ही बरेचदा मेंदीच्या पाकिटातला डायच असतो. आपल्या आया-आज्या लोखंडी कढईत आवळा, कात, चहाचं पाणी घालून मेंदी रात्रभर भिजवायच्या, ती गोष्ट वेगळी. आवळ्या-कातातलं टॅनिन आणि कढईतलं लोह यांचा संयोग होऊन गडद रंग तयार होतो. बोरूने लिहायच्या काळात काही शाया याच रसायनावर बनत. निळीच्या पानांची पूड वरून लावली तर आणखी काळपट छटा येते. त्याला वेळ लागतो, वास येतो, उशी खराब होते. पण कातडीला त्रास सहसा कमी. तुम्ही मेंदी सोडून डायकडे वळलात ते वेळेपायी असावं, शाळा सांभाळून ते जमतही नव्हतं.

आता सूनबाईंना आत बोलवा. 'थकल्यासारख्या' हे त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. वयाबरोबर कातडीचाही रंग फिकटतो, म्हणून एकसष्टीला कोळशासारखा काळा रंगसुद्धा चेहरा ओढलेला दाखवतो, आणि नुसतं पांढरंही पहिल्यांदा तसंच वाटतं. सवय लागेपर्यंत. त्यांच्यासाठी मधला मार्ग आहे : दोन छटा फिकट तपकिरी. रेघ कमी दिसते, तीन आठवड्यांचे पाच-सहा होतात. वर्षभर असं करून मग सोडलंत तर उडी लहान पडते.

बहिणीला सांगा, लिपस्टिक लावणारी बाई ओठांबद्दल खोटं बोलत नसते.

बाकी यजमानांचा मुद्दा तुम्ही जाता जाता लिहिलात, पण खरी गाठ तिथेच आहे. पुरुषाचे केस पिकले की त्याला अनुभवी म्हणतात. 'माझे केस काही उन्हाने पांढरे झाले नाहीत' हे वाक्य ऐटीत बोलताना मी बाई क्वचितच ऐकली. मालिकांमधल्या आजींचेसुद्धा केस काळेभोर असतात, नातू लग्नाला आला तरी. कॅनडात लिसा लाफ्लॅम या वृत्तनिवेदिकेने साथीच्या काळात केस रंगवणं थांबवलं आणि पडद्यावर तशाच दिसू लागल्या. २०२२मध्ये वाहिनीने त्यांचा करार संपवला. केसांचा त्याच्याशी संबंध नाही, असं कंपनीचं म्हणणं. लोकांना ते पटलं नाही. गदारोळ इतका की एका बर्गरच्या साखळीने आपल्या बोधचिन्हातल्या लाल वेण्यांच्या मुलीचे केस करडे करून दाखवले.

आपल्याकडे तर बाईचे केस हा तिचा खासगी मामला कधी नव्हताच. नवरा गेला की डोकं भादरायचं, हे ठरवणारे दुसरेच असत. १८९०च्या सुमारास मुंबईच्या नाभिकांनी विधवांवर वस्तरा चालवणार नाही असा पवित्रा घेतला, त्यामागे नारायण मेघाजी लोखंड्यांचा पुढाकार होता. तेव्हापासून आजच्या 'थकल्यासारख्या दिसाल'पर्यंत जबरदस्ती गेली, सल्ला उरला. हा फरक मोठा आहे, मी नाकारत नाही. पण सल्ला देणाऱ्यांची संख्या घटलेली नाही, आणि त्यात आता मीही आले.

एक व्यावहारिक गोष्ट राहिली. पांढरे केस ठेवले म्हणजे देखभाल संपली असं नाही. बोअरचं जड पाणी, ऊन, रोजचं तेल यांनी ते पिवळट पडतात. धोतराला नीळ द्यायचे त्याच तत्त्वावर जांभळा शॅम्पू मिळतो, पंधरवड्यातून एकदा पुरे. घरातली नीळ डोक्याला लावू नका, हे मी हसत लिहीत नाहीये.

प्रश्न : पांढरा केस उपटला की त्याच्या जागी चार येतात, हे खरं का? माझं वय चौतीस. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : नाही. एका मुळातून साधारण एकच केस उगवतो आणि शेजारच्या मुळांना या उपटाउपटीची वार्ताही नसते. रंग बनवणाऱ्या पेशी त्या मुळातच थकलेल्या असतात, म्हणून परत येतो तोही पांढराच. चार दिसतात कारण तोवर चार महिने गेलेले असतात. वारंवार उपटून मात्र ते मूळ कायमचं बंद पडू शकतं, आणि पांढरा केस परवडला पण टक्कल नको असं तुम्हालाही वाटेल. चौतिशीत थोडे केस पिकणं बहुधा आईवडिलांकडून आलेलं असतं. एकदम खूप पिकले असतील तर ब-१२ जीवनसत्त्व आणि थायरॉइड तपासून घ्या. आणि सिगारेट ओढत असाल तर तिच्यावरही थोडा संशय घ्यायला जागा आहे.