जाहिरातपटाचा मुक्त निर्माता आणि त्याचा दैनिक दर

मुंबई हे देशातील जाहिरात व्यवसायाचे जुने आणि प्रमुख केंद्र आहे. १ जानेवारी १९७६ पासून दूरदर्शनवर जाहिराती प्रसारित होऊ लागल्या. १९७७ मध्ये राज्य शासनाच्या पुढाकाराने गोरेगाव येथे चित्रनगरी उभी राहिली. पुढे उपग्रह वाहिन्या आल्या आणि अलीकडच्या काळात मोबाइलच्या पडद्यासाठीही जाहिराती तयार होऊ लागल्या. या प्रत्येक टप्प्यावर जाहिरातपटांची संख्या वाढत गेली आणि त्याबरोबर या व्यवसायात पगारी नोकरीऐवजी कामापुरते करारबद्ध होणाऱ्या तंत्रज्ञांची संख्याही वाढली. मुक्त निर्माता, म्हणजेच व्यवसायाच्या भाषेत ‘फ्रीलान्स प्रोड्यूसर’, हा त्यांपैकीच एक होय.

चित्रपटसृष्टीत निर्माता म्हणजे भांडवल घालणारा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. जाहिरातपटाच्या बाबतीत तसे नसते. येथे पैसा जाहिरातदाराचा असतो, कल्पना जाहिरात संस्थेची असते आणि चित्रीकरणाची जबाबदारी निर्मितीसंस्थेकडे सोपविलेली असते. ही निर्मितीसंस्था एखाद्या कामापुरता ज्या अनुभवी व्यक्तीला बोलाविते, तो हा निर्माता. अंदाजपत्रक तयार करणे, स्थळांची पाहणी करणे, परवानग्या मिळविणे, कलावंत व तंत्रज्ञ ठरविणे, चित्रीकरण वेळेत पार पाडणे आणि शेवटी पै-पैचा हिशेब सादर करणे ही त्याची कामे. त्याचा मोबदला दिवसाच्या हिशेबाने ठरतो. हा दर कसा ठरवावा आणि तो पदरात कसा पाडून घ्यावा, याचे शिक्षण मात्र कोणत्याही अभ्यासक्रमात अभावानेच मिळते.

दराचे गणित

नोकरी सोडून मुक्त व्यवसायात पदार्पण करणारा तरुण बहुधा एक साधी चूक करतो. आपल्या मासिक पगाराला तो २६ ने भागतो आणि आलेला आकडा दैनिक दर म्हणून सांगतो. पगार ७०,००० रुपये असेल, तर हा दर सुमारे २,७०० रुपये येतो. वरकरणी हिशेब बरोबर दिसतो. परंतु नोकरदाराला रविवारचा, सणांचा आणि आजारपणाचाही पगार मिळत असतो, ही गोष्ट त्यात विसरली जाते. मुक्त व्यावसायिकाला केवळ काम केलेल्या दिवसाचेच पैसे मिळतात.

खरा हिशेब वर्षाचा करावयास हवा. पुढील आकडे बाजारातील प्रचलित दर नव्हेत. रीत समजावी म्हणून घेतलेले ते एक उदाहरण आहे. एखाद्या निर्मात्याचा घरखर्च दरमहा ७०,००० रुपये, म्हणजे वर्षाला ८,४०,००० रुपये आहे असे समजू. प्रवास, दूरध्वनी, संगणक आणि हिशेबनीस यांवर वर्षाला १,८०,००० रुपये खर्च होतात. नोकरीत मालक जो भविष्यनिर्वाह निधी व विमा यांचा वाटा उचलतो, तो येथे स्वतःच उचलावयाचा असल्याने त्यासाठी १,८०,००० रुपये धरू. कर व आकस्मिक गरजांसाठी आणखी ६०,००० रुपये बाजूला ठेवू. ही बेरीज १२,६०,००० रुपये होते.

आता दिवस मोजू. वर्षाच्या ३६५ दिवसांतून ५२ साप्ताहिक सुट्या, २० सणवार आणि आजारपण वा रजेचे १५ दिवस वजा केले, तर २७८ दिवस उरतात. हे सर्व दिवस काही कमाईचे नसतात. नव्या कामाचा शोध, दरपत्रके तयार करणे, हातची गेलेली कामे, थकलेल्या बिलांसाठीचे हेलपाटे आणि पावसाळ्यात मंदावणारी बाह्यचित्रणे यांत सुमारे निम्मे दिवस जातात, असे धरणे शहाणपणाचे ठरते. म्हणजे कमाईचे दिवस राहिले १४०. बारा लाख साठ हजारांना १४० ने भागले असता दैनिक दर ९,००० रुपये येतो. दिवसाला २,७०० रुपये घेणाऱ्या निर्मात्याला याच १४० दिवसांत अवघे ३,७८,००० रुपये मिळतील आणि त्यातून त्याचा निम्मा घरखर्चही भागणार नाही. काम भरपूर असूनही अनेक जण कर्जात का सापडतात, याचे एक कारण या भागाकारात दडलेले आहे.

अशा रीतीने काढलेला दर हा तळाचा आकडा होय. अनुभव, कामाची गुंतागुंत आणि बाजारातील मागणी यांनुसार त्यावर वाढ मागता येते. मात्र त्याखाली जाणे म्हणजे स्वतःच्या खिशातून दुसऱ्याच्या जाहिरातीला अनुदान देणे होय.

‘दिवस’ म्हणजे काय?

दर ठरला तरी वाद संपत नाहीत, कारण ‘दिवस’ या शब्दाचा अर्थ उभय पक्षी वेगवेगळा असू शकतो. तीस सेकंदांच्या एका जाहिरातपटासाठी सात दिवसांची पूर्वतयारी, दोन दिवसांचे चित्रीकरण आणि हिशेब व आवराआवर यांसाठी तीन दिवस लागतात असे समजू. एकूण १२ दिवसांचे ९,००० रुपयांप्रमाणे १,०८,००० रुपये होतात. परंतु निर्मितीसंस्थेने केवळ चित्रीकरणाचे दोनच दिवस गृहीत धरले, तर हाती १८,००० रुपये पडतील. बारा दिवसांत त्यांची विभागणी केली, तर दिवसाला १,५०० रुपयेच होतात. दर ९,००० रुपयांचा असूनही मोबदला १,५०० रुपयांवर कसा येतो, हे यावरून ध्यानात येईल. म्हणून दराआधी दिवसांची संख्या निश्चित करणे अगत्याचे आहे.

दिवसाचे तासही ठरलेले असावेत. बारा तासांचा दिवस ठरविला, तर ९,००० रुपयांच्या दराने तासाला ७५० रुपये पडतात. जादा वेळेसाठी दीडपट दर मान्य करून घेतल्यास प्रत्येक जादा तासाला १,१२५ रुपये मिळतील. तास कॉल टाइमपासून मोजावयाचे की घरातून निघाल्यापासून, परगावच्या प्रवासाच्या दिवसाला पूर्ण दर की अर्धा, रात्रपाळीनंतर किती तासांची विश्रांती, या गोष्टीही आधीच बोलून घ्याव्यात.

रद्द होणाऱ्या दिवसांचा प्रश्न याहून नाजूक असतो. ऐनवेळी चित्रीकरण पुढे ढकलले, तर त्या तारखांसाठी नाकारलेले दुसरे काम परत येत नाही. चित्रीकरणाच्या ४८ तास आधी काम रद्द झाल्यास अर्धा आणि २४ तासांच्या आत रद्द झाल्यास पूर्ण दर, अशी एखादी अट घालता येते. पावसामुळे थांबलेल्या दिवसाचे काय, हा प्रश्न जून ते सप्टेंबर या काळातील कामांसाठी स्वतंत्रपणे ठरवावा.

बोलणी करताना

वाटाघाटीचा पहिला नियम असा की, कामाचे स्वरूप पूर्ण समजल्यावाचून आकडा सांगू नये. चित्रीकरणाची स्थळे किती, कलावंत किती, परवानग्या कोणी काढावयाच्या, अंतिम हिशेब कोणी द्यावयाचा, एवढी माहिती आधी घ्यावी. त्यानंतर आकडा स्पष्टपणे सांगावा आणि थांबावे. समोरच्याने उत्तर देण्यापूर्वीच स्वतः होऊन सवलत देऊ करणे, हा नवख्या माणसाचा दोष असतो.

“आमचे अंदाजपत्रक एवढे नाही,” हे उत्तर बहुधा ठरलेले असते आणि पुष्कळदा ते खरेही असते. अशा वेळी दर कमी करण्याऐवजी काम कमी करण्याचा प्रस्ताव मांडावा. “आपले अंदाजपत्रक एवढेच असेल, तर पूर्वतयारीचे दोन दिवस आपला सहायक सांभाळू शकेल, दर तोच ठेवू,” असे म्हणण्यात कटुता नाही आणि दराची प्रतिष्ठाही राहते. एकदा उतरविलेला दर पुढच्या कामात वर नेणे फार कठीण असते.

सवलत देणे सर्वस्वी चूक आहे असे मात्र नव्हे. सलग वीस-पंचवीस दिवसांच्या कामाची हमी मिळत असेल, तर निर्मात्याचे रिकामे दिवस कमी होतात. त्या प्रमाणात दर थोडा उतरविणे गणितात बसते. आगाऊ रक्कम मिळत असेल, तरीही तसेच. याउलट, “या वेळी सांभाळून घ्या, पुढच्या कामात भरून काढू,” हे तोंडी आश्वासन कोणत्याही हिशेबात धरता येत नाही. सवलत द्यावयाचीच झाली, तर बिलात मूळ दर दाखवून त्याखाली सवलत वेगळी लिहावी; म्हणजे पुढील कामासाठी मूळ दर कायम राहतो.

आणखी एक पथ्य पाळणे जरुरीचे आहे. चित्रीकरणाच्या दिवशी चहापाणी, वाहने आणि रोजंदारी यांवर रोख रक्कम खर्च होत असते. ही रक्कम निर्मितीसंस्थेकडून आधीच घ्यावी. स्वतःचे पैसे घालून नंतर वसूल करण्याची सवय लागली, की निर्माता नकळत बिनव्याजी सावकार बनतो.

लेखी करार आणि कायद्याचे संरक्षण

१८७२ च्या भारतीय करार अधिनियमानुसार तोंडी करारही वैध ठरू शकतो. अडचण येते ती पुराव्याची. म्हणून बोलणी झाल्यावर त्याच दिवशी दर, दिवसांची संख्या, तास, रद्द करण्याची अट आणि पैसे देण्याची मुदत हे सर्व एका ई-मेलमध्ये लिहून पाठवावे आणि त्यास लेखी होकार मागावा. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाने इलेक्ट्रॉनिक मार्गाने झालेल्या करारांना मान्यता दिलेली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कामाची स्थिती संहितेत दृक्‌श्राव्य कामगाराला लेखी करारावाचून कामावर ठेवण्यास मनाई असून, दृक्‌श्राव्य निर्मितीच्या व्याख्येत जाहिरातींचाही समावेश आहे. ही तरतूद अधिसूचित मर्यादेपर्यंत मोबदला घेणाऱ्यांनाच लागू होते, हे लक्षात ठेवावे.

थकलेल्या बिलांच्या बाबतीत सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ विशेष उपयुक्त आहे. सेवा पुरविणारी एकटी व्यक्तीही सूक्ष्म उद्योग म्हणून ‘उद्यम’ पोर्टलवर नोंदणी करू शकते. ही नोंदणी विनामूल्य असून ती काम स्वीकारण्यापूर्वीच करून ठेवणे हिताचे आहे. या अधिनियमानुसार ठरलेल्या मुदतीत पैसे देणे ग्राहकावर बंधनकारक असते आणि ती मुदत करारानेही ४५ दिवसांपेक्षा अधिक ठेवता येत नाही. मुदत ठरलेलीच नसेल, तर १५ दिवसांत पैसे चुकते करावे लागतात. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज द्यावे लागते. बँक दर ६ टक्के आहे असे उदाहरणादाखल धरले, तर १,०८,००० रुपयांच्या बिलाला तीन महिने उशीर झाल्यास सुमारे ४,९०० रुपये व्याज होईल. तडजोड न झाल्यास सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे दाद मागता येते.

याला आयकराची जोड मिळाली आहे. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या तरतुदीनुसार सूक्ष्म व लघु उद्योगांना या मुदतीत न दिलेली रक्कम ग्राहकाला प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून वजा करता येत नाही. बिलावर उद्यम नोंदणी क्रमांक छापण्याचे महत्त्व यातून स्पष्ट होते.

दर सांगताना वस्तू व सेवा कराचाही उल्लेख करावा. सेवा पुरविणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांवर गेल्यास नोंदणी करावी लागते. म्हणून ‘कर लागू असल्यास वेगळा’ हे शब्द दरपत्रकात असावेत. बिलातून कापला जाणारा आयकर म्हणजे दरातील घट नव्हे. विवरणपत्र भरताना तो निर्मात्याच्या खात्यावर जमा धरला जातो. मात्र कापलेली रक्कम प्रत्यक्षात भरली गेली आहे किंवा नाही, याची वेळोवेळी खात्री करून घ्यावी.

संकोच सोडणे आवश्यक

पैशाविषयी आधी बोलणे अशिष्टपणाचे, ही भावना आपल्या समाजात खोलवर रुजलेली आहे. शिकलेली, मध्यमवर्गीय कुटुंबांतून आलेली मुलेमुली मोबदल्याचा प्रश्न ‘काम झाल्यावर पाहू’ म्हणून पुढे ढकलतात आणि काम झाल्यावर त्यांच्या हाती बोलण्याजोगे काही उरत नाही. वास्तविक, जो निर्माता परक्याच्या अंदाजपत्रकातील प्रत्येक रुपयाचा हिशेब ठेवतो, त्याने स्वतःच्या दिवसाचा हिशेब मांडावा यात गैर काहीच नाही. निर्मितीसंस्थेलाही त्यातून लाभच होतो, कारण ज्याच्या अटी स्पष्ट असतात त्याच्याशी चित्रीकरणाच्या धावपळीत वाद उद्भवत नाहीत.

दैनिक दर म्हणजे एका दिवसाची मजुरी नव्हे. काम नसलेल्या दिवसांचा, आजारपणाचा आणि म्हातारपणाचाही भार त्या दिवसाला वाहावयाचा असतो. हे ध्यानी घेऊन वर्षाचा हिशेब मांडावा, दिवसाची व्याख्या आधी ठरवावी, ठरलेले लिहून घ्यावे आणि कायद्याने दिलेली नोंदणी वेळीच करावी. या चार गोष्टी केल्या, तर मुक्त व्यवसायातही स्थिर आणि सन्मानाचे जीवन जगणे कठीण नाही.