चालती वस्तु थांबते कशानें?

शास्त्रपाठ : मत्तय ४ : ५-७

ज्यांचीं मुलें चाकरीसाठीं नवी मुंबई येथें राहतात, अशीं घरें आपल्या खेड्यांतील मंडळ्यांत आज थोडीं नाहींत. कोणी वाशीच्या बाजारांत हमाली करतो, कोणी न्हावा-शेवा बंदराची मालमोटार हांकतो, तर कोणी मोटारसायकलीवरून घरोघर जिन्नस पोहोंचवितो. त्यांच्यासाठीं आपण नित्य प्रार्थना करतों, हें योग्यच आहे. परंतु देवानें ज्या नियमांनीं सर्व वस्तूंची गति बांधून दिली आहे, ते नियम त्यांस शिकविणें हेंही आपलें कर्तव्य होय. म्हणून उपदेशकांनीं हा पाठ रविवारच्या शाळेंत मोठ्या मुलांस अवश्य द्यावा.

पहिला नियम. पुष्कळांची अशी समजूत असते कीं, ढकलण्याचा जोर संपला म्हणजे वस्तु आपोआप थांबते. ग्रीस देशांतील पंडित अरिस्टॉटल याचें मतही बहुतेक असेंच होतें. पुढें इटलींतील गॅलिलिओ (१५६४-१६४२) यानें उतारावरून गोळे सोडून बारकाईनें पाहिलें, आणि इंग्लंडांतील न्यूटन यानें १६८७ सालीं छापलेल्या आपल्या ग्रंथांत खरा नियम मांडला. तो असा कीं, स्थिर वस्तु स्थिरच राहते व चालती वस्तु त्याच वेगानें सरळ चालतच राहते. बाहेरून जोर लागल्यावांचून यांत पालट होत नाहीं. बैलगाडी थांबते ती माती व आंस यांच्या घर्षणामुळें, आपल्या इच्छेनें नव्हे.

पनवेलच्या लोकलगाडीनें एकाएकीं ब्रेक लावला म्हणजे उभीं माणसें पुढें कां झुकतात? पाय गाडीबरोबर थांबतात, परंतु वरच्या अंगांत गाडीचा वेग शिल्लक असतो. चालत्या गाडींतून उडी टाकणाराचेंही तेंच होतें. पाय फलाटावर अडतात आणि बाकीचें शरीर गाडीच्या वेगानें पुढें फेंकलें जातें. मोटारींतील पट्टा बांधावयाचा तो याच कारणासाठीं. मोटार थांबली तरी आंतला मनुष्य चालूच असतो, त्यास थांबविणारें कांहीं तरी पाहिजे.

दुसरा नियम. वेगांत किती पालट होईल हें जोर व वस्तूचा भार यांवर अवलंबून असतें. तितक्याच जोराच्या ब्रेकनें रिकामी गाडी लवकर थांबते, भरलेली फार पुढें जाऊन थांबते. वेगाचा हिशेब तर याहून कडक आहे. समजा, एक मोटारसायकल ताशीं ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदास १० मीटर जात आहे. ब्रेक चांगला असून रस्ता कोरडा असला, तर ती सुमारें १० मीटरांत थांबेल. आतां वेग दुप्पट, म्हणजे ताशीं ७२ किलोमीटर करा. अंतर २० मीटर होईल असें वाटतें, पण तें ४० मीटर होतें. वेग दुप्पट तर अंतर चौपट! शिवाय धोका दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातो, त्यांत आणखी २० मीटर संपतात. एकूण ६० मीटर झाले. पावसानें रस्त्याचें घर्षण निम्मे झालें, तर हाच आंकडा १०० मीटरांवर जातो. पाम बीच मार्गासारखा रुंद व सरळ रस्ता पाहून जो तरुण वेग वाढवितो, त्यानें हा हिशेब पाठ करून ठेवावा.

तिसरा नियम. प्रत्येक जोरास तितकाच उलट जोर असतो. दिवाळे गांवचा कोळी खाडीच्या चिखलांत बांबू मागें रेटतो, तेव्हां होडी पुढें जाते. आपण चालतों तेही जमीन मागें रेटूनच. दगडावर डोकें आदळतें तेव्हां दगडही डोक्यास तितकाच मार देतो. परंतु पेंढ्यावर पडलेला मनुष्य वांचतो, कारण तेथें शरीर हळूहळू थांबतें. हेल्मेटाच्या आंतील मऊ थर डोक्यास असाच थोडासा अवकाश देतो.

बोरघाटाचें उदाहरण घ्या. तेथील आगगाडीचा मार्ग १८६३ सालीं सुरू झाला. त्याचा कडक चढ ३७ फुटांस १ फूट आहे, म्हणजे उतरतांना गाडीच्या वजनाचा सुमारें सदतिसावा हिस्सा तिला सतत खालीं ओढीत असतो. ब्रेक सुटलेली गाडी अडविण्यासाठीं मुख्य मार्गापासून फुटून डोंगराच्या चढावर जाणारे वेगळे रूळ तेथें घातलेले आहेत. जें वजन उतारावर वैरी होतें, तेंच चढावर ब्रेक होतें. ज्यांनीं हे रूळ घातले त्यांनीं नियमाशीं भांडण केलें नाहीं. त्याची आज्ञा मानून त्याचेंच साह्य घेतलें.

आतां शास्त्रपाठाकडे वळूं. आपले शेजारी गाडीस लिंबू-मिरच्या बांधतात म्हणून आपण त्यांस भोळे म्हणतों. परंतु ख्रिस्ती मनुष्य मोटारींत क्रूस टांगून भरधाव जाईल व प्रभु राखील असें म्हणेल, तर त्याच्या आणि त्यांच्या समजुतींत अंतर तें काय? सैतानानें प्रभूस मंदिराच्या शिखरावरून उडी टाकावयास सांगितलें, व देवदूत झेलतील असें शास्त्रवचनही पुढें केलें. प्रभूनें उडी टाकली नाहीं. देवाची परीक्षा पाहणें हा विश्वास नव्हे, असें त्यानें स्पष्ट सांगितलें. अपघातांत कोणाचा मुलगा गेला असतां, त्याचा विश्वास उणा होता असें कोणीं म्हणूं नये. सावध मनुष्यासही दुसऱ्याच्या चुकीनें मरण येतें. त्या घरीं जाऊन आपण सांत्वन करावें. पण जो जिवंत आहे त्यास, देवाचे नियम पाळणें हीही देवाची सेवा आहे, असें निक्षून सांगावें.

उपदेशकांनीं विचारावयाचे प्रश्न :
१. गाडी थांबली असतां आंतील मनुष्य पुढें कां जातो?
२. वेग तिप्पट केला, तर ब्रेक लावल्यावर गाडी किती पट अंतरावर थांबेल?
३. देवावर भाव ठेवणें व देवाची परीक्षा पाहणें यांत भेद कोणता?