कोणीच बाद होत नाही, तरी खेळ रंगतो कसा?

प्रश्न : आम्ही बोरगावचे (जि. पांढुर्णा) पाच-सहा जण सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी जमतो. कोणी इथल्या कारखान्यात पाळीवर जातं, कोणाची संत्र्याची बाग आहे. आजवर पत्ते आणि कॅरम चालायचं. नागपूरला शिकणाऱ्या पुतण्यानं मध्यंतरी ‘कटान’ नावाचा पटावरचा खेळ आणला. तास-दीड तास खेळलो, पण कोणाची सोंगटी मेली नाही, कोणी बाद झालं नाही. लुडोत गोटी मारतात, वाघ-बकरीत वाघ बकऱ्या खातो. इथं मारामारीच नाही, तरी शेवटपर्यंत सगळे पटावर वाकून बसले होते. असं का? आणि असे खेळ आम्हाला नेमानं खेळायचे असतील तर काय करावं?

– एक वाचक, बोरगाव

उत्तर : तुम्ही जे टिपलंत, तेच या खेळांचं मर्म आहे. कोणाला खेळातून उठवायचं नाही, हे खेळ बनवणारे आधीच ठरवतात. का, ते कळायला थोडं मागं जावं लागेल.

लहानपणी तुम्ही ‘व्यापार’ खेळला असाल. तो ‘मोनोपॉली’चा देशी अवतार. मोनोपॉली 1935 साली अमेरिकेत पार्कर ब्रदर्सनं बाजारात आणला, पण त्याचं मूळ एलिझाबेथ मॅगी या बाईंच्या ‘लँडलॉर्ड्स गेम’मध्ये आहे. त्याचं पेटंट त्यांना 1904 साली मिळालं. जमीन थोड्यांच्या हाती गेली की भाडं भरता भरता बाकीचे कसे नागवले जातात, हे त्यांना दाखवायचं होतं. म्हणजे एकानं फुगत जाणं आणि इतरांचं दिवाळं निघणं हा त्या खेळाचा विषयच होता. पुढं विषय मागं पडला, दिवाळं तेवढं उरलं. अर्ध्या तासात बाद झालेलं पोर मग उरलेली संध्याकाळ नुसतं बघत बसतं.

जर्मनीत वेगळी वाट निघाली. महायुद्धानंतर तिथल्या घरांत लढाईच्या खेळांविषयी नावड होती आणि घरच्यांनी एकत्र बसून खेळायची आवड मात्र भरपूर होती. 1979 पासून तिथं समीक्षकांचं एक मंडळ दरवर्षी ‘श्पील देस यारेस’, म्हणजे वर्षातला उत्तम खेळ, असा पुरस्कार देतं. 1995 साली तो ‘कटान’ला मिळाला. कर्ते क्लाउस टॉयबर हे व्यवसायानं दातांच्या कवळ्या बनवणारे तंत्रज्ञ. मोकळ्या वेळात ते घरी खेळ रचायचे आणि घरच्यांसोबत खेळून पारखायचे.

आता कटानच्या आत डोकावू. बेटाचे 19 षटकोनी तुकडे. त्यातला एक वाळवंट, बाकीच्यांवर आकडे. दोन फासे टाकायचे, जो आकडा येईल त्या जमिनीशेजारी ज्याची वस्ती असेल त्याला लाकूड, विटा, लोकर, धान्य किंवा खनिज मिळतं, मग डाव कोणाचाही असो. म्हणून दुसऱ्यानं फासे टाकले तरी तुमचे डोळे पटावरच राहतात. शिवाय ज्याचा डाव असतो त्याला इतरांशी देवघेव करता येते. तुमच्याकडं धान्य उतू जातंय आणि विटा नाहीत, तर ज्याच्याकडं आहेत त्याला राजी करावंच लागतं. त्याला पार बुडवलंत तर उद्या विटा कोण देणार? चढाओढ आहे, ती मोक्याच्या जागेसाठी आणि आधी 10 गुण गाठण्यासाठी.

यात नशीब किती? दोन फाशांची दानं 36 प्रकारे पडू शकतात. 7 सहा प्रकारे येतो, 6 आणि 8 प्रत्येकी पाच प्रकारे, तर 2 आणि 12 फक्त एकेका प्रकारे. 7 चा आकडा कोणत्याच जमिनीवर नसतो, तो आला की ‘लुटारू’ ही सोंगटी हलते. म्हणून जाणता खेळाडू 6 किंवा 8 च्या जमिनीला चिकटून पहिली वस्ती करतो. फासा नशिबाचा असला तरी वस्ती कुठं करायची हा निर्णय आपला असतो. सुरुवातीचा क्रमही विचारपूर्वक ठरवला आहे : प्रत्येकाला दोन वस्त्या मांडायच्या असतात, आणि पहिल्या फेरीत ज्याची पाळी शेवटी येते तो लागलीच दुसरीही मांडतो, मग क्रम उलटा फिरतो. पहिल्याचा फायदा असा आपोआप कमी होतो.

पण म्हणून वाघ-बकरीला कमी लेखू नका. गावोगाव तिचे पट आणि सोंगट्यांची संख्या बदलते, गाभा एकच : थोडे वाघ बलवान, पुष्कळ बकऱ्या दुबळ्या, आणि बकऱ्या एकमेकींना धरून राहिल्या की वाघाची कोंडी होते. दोन बाजूंचं बळ वेगळं, जिंकायची रीतही वेगळी. आजच्या कित्येक खेळांना हीच कल्पना प्रिय आहे. 1983 साली तोच जर्मन पुरस्कार मिळालेल्या ‘स्कॉटलंड यार्ड’मध्ये एकजण लंडनभर लपत फिरतो आणि बाकीचे मिळून त्याला कोंडतात. वाघ-बकरी खेळलेल्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही.

आता तुमच्या मंडळींबद्दल. मूळ कटान तिघा-चौघांचा आहे, पाच-सहा जणांसाठी जोडसंच लागतो. त्याऐवजी ‘सेव्हन वंडर्स’ पाहा : सात जणांपर्यंत चालतो आणि सगळे एकाच वेळी पत्ता निवडतात, त्यामुळं ताटकळणं नाही. पाच जणांना ‘कार्कासोन’ उत्तम. चौकोनी तुकडे जोडत शहरं आणि रस्ते वाढवायचे, तुकड्यांवर वाचायला एक शब्दही नाही. घरी मराठी आणि शाळेत हिंदी बोलणारी मुलं असतील तिथं हा मोठाच गुण. हे डबे महाग असतात, काही हजारांपर्यंत जातात. वर्गणी काढून एकच घ्या आणि त्यात मुरा. रोज नवा खेळ आणला की नियम शिकण्यातच वेळ जातो आणि डावपेच कधीच रंगत नाहीत.

नेम टिकवायचा तर तीन गोष्टी सांभाळा. पाळ्या बदलत असतील तर वाराचा हट्ट नको, पुढची तारीख उठण्याआधी ठरवा. नियम एकानं आधी घरी वाचून यावेत. सांगताना जिंकायचं कसं हे पहिल्यांदा सांगावं, मग एका डावात काय करता येतं ते, आणि बारीकसारीक अपवाद ते येतील तेव्हा. तिसरी गोष्ट सगळ्यांत अवघड : नवख्याला त्याची चाल त्यालाच करू द्या. ‘पँडेमिक’सारख्या, सगळ्यांनी मिळून रोगाच्या साथीशी लढायच्या खेळात एखादा हुशार माणूस सगळ्यांच्या चाली ठरवू लागला, तर बाकीचे पटापाशी असूनही बाद झाल्यासारखेच. नियमांनी कोणालाही बाद न करण्याची सोय केली आहे. तीच सोय खेळणाऱ्यांनी एकमेकांसाठी केली, तर तुमची बैठक खेळाचा डबा जुना झाल्यावरही चालू राहील.