प्रवाहाची वाट : तंतुमय संमिश्र पदार्थांतील विद्युत्संवहन

लाकडाचा ओंडका उभा फोडला, तर तो सहज दुभंगतो. आडवा तोडावयाचा झाल्यास मात्र घावांमागून घाव घालावे लागतात. लाकूड तेच, भेद आहे तो केवळ दिशेचा. ज्यांचे गुणधर्म असे दिशेनुसार बदलतात, त्या पदार्थांना ‘विषमदिक्’ म्हणतात. विजेच्या बाबतीत तांबे समदिक् आहे. त्याच्या पत्र्यात प्रवाह कोणत्याही दिशेने नेला, तरी त्याला होणारा रोध सारखाच असतो.

कार्बन तंतूंच्या संमिश्र पदार्थाची गोष्ट वेगळी आहे. यातील तंतूची जाडी सुमारे ७ मायक्रोमीटर, म्हणजे केसाच्या जवळजवळ दशांश असते. असे असंख्य तंतू समांतर ठेवून ते रेझिनमध्ये घट्ट बसवितात. कार्बन विद्युत्संवाहक आहे, रेझिन विद्युत्‌निरोधक. म्हणून तंतूंच्या दिशेने प्रवाह सुखाने वाहतो. मग आडव्या दिशेने तो मुळीच वाहू नये! परंतु तंतू अगदी सरळ नसतात. ते जागोजागी शेजारच्या तंतूंना टेकतात, आणि या स्पर्शबिंदूंतून प्रवाह नागमोडी वाट काढतो. तथापि ही वाट बिकट असल्याने तंतूंच्या दिशेची संवाहकता आडव्या संवाहकतेच्या शेकडो, कधी हजारो पट भरते.

याचा परिणाम काय होतो, ते एका उदाहरणाने पाहू. समजा, हे प्रमाण १०० आहे आणि विद्युत्क्षेत्र तंतूंशी ४५ अंशांचा कोन करते. क्षेत्राचे उभे व आडवे घटक समान असतील. पण प्रवाहाचा उभा घटक आडव्याच्या १०० पट होईल. म्हणजे प्रवाह तंतूंपासून जेमतेम अर्धा अंश ढळेल. क्षेत्र ओढते एकीकडे, प्रवाह जातो दुसरीकडे!

ही केवळ गणिती गंमत नव्हे. २०११ मध्ये प्रवासी सेवेत आलेल्या बोइंग ७८७ विमानाच्या वजनाचा सुमारे निम्मा भाग संमिश्र पदार्थांचा आहे. भारताच्या ‘तेजस’ विमानातही त्यांचा मोठा वापर आहे. आकाशातील विजेचा प्रवाह बहुधा ३०,००० अँपिअरच्या आसपास असतो. विमानाची रचना करताना मात्र २,००,००० अँपिअर गृहीत धरतात. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर हा प्रवाह चोहीकडे पसरतो. संमिश्र पत्र्यात तो वरच्या थरातील तंतूंच्या वाटेने कोंडला जातो. खालच्या थरांत उतरणेही कठीण, कारण दोन थरांमध्ये रेझिनचा पडदा असतो. उष्णतेने रेझिनचे विघटन होऊन वायू निर्माण होतो आणि त्याच्या दाबाने थर एकमेकांपासून सुटतात. वरून लहान दिसणाऱ्या डागाखाली याहून मोठी इजा दडलेली असू शकते.

यावर उपाय साधा आहे. रंगाच्या खाली तांब्याची बारीक जाळी बसवितात. जाळीत प्रवाहाला सर्व बाजूंना मोकळी वाट मिळते आणि तंतूंवरील भार हलका होतो. पदार्थ बदलला की प्रवाहाची वाटही नव्याने आखावी लागते, हाच यातील धडा.