ग्राफिक्स कार्डाचा कूलर: आधी माप, मग बाजार

ग्राफिक्स कार्डाला बाहेरचा कूलर बसेल की नाही, हे चिपच्या नावावरून कळत नाही. त्यासाठी बोर्ड पाहावा लागतो. एकच चिप घेऊन अनेक कंपन्या कार्डे काढतात आणि त्यांचे बोर्ड निरनिराळे असतात. कुणाची लांबी जास्त, कुणाचे कपॅसिटर उंच. दिल्लीत करोल बागेच्या गफ्फार मार्केटमध्ये किंवा नेहरू प्लेसला नुसते कार्डाचे नाव सांगितले, की ‘लग जाएगा’ हे उत्तर ठरलेले. चार स्क्रूंपुरते ते बहुधा खरेही असते, पण कूलर बसणे म्हणजे फक्त स्क्रू बसणे नव्हे.

मुळात पूर्ण कूलर लागतोच असे नाही. 15 सप्टेंबर 2022 रोजी इथेरियम या क्रिप्टो चलनाचे मायनिंग थांबले आणि त्यासाठी रात्रंदिवस राबलेली कार्डे जुन्या बाजारात आली. अशा कार्डाची चिप अनेकदा शाबूत असते, झिजलेले असते ते पंख्याचे बेअरिंग. पंख्याच्या मधोमध चिकटवलेल्या स्टिकरवर मॉडेल क्रमांक, व्होल्ट आणि अँपिअर छापलेले असतात. तोच क्रमांक आणि तेवढ्याच तारांचा कनेक्टर मिळाला, तर थोडक्यात भागते. दिल्लीच्या धुळीत हीटसिंक साफ करून नवी थर्मल पेस्ट लावणे हे तर त्याच्याही आधीचे काम.

हीटसिंकच तोकडा पडत असेल, तर कार्ड उघडून चिपभोवतीच्या चार भोकांमधले अंतर व्हर्निअर कॅलिपरने घ्यावे. एका भोकाच्या डाव्या कडेपासून शेजारच्या भोकाच्या डाव्या कडेपर्यंत मोजले, की मध्य ते मध्य अंतर आपोआप मिळते. जीटीएक्स 1070 आणि 1080च्या बऱ्याच बोर्डांवर ते सुमारे 58 मिलिमीटर भरते, तर आरएक्स 480 आणि 580च्या बऱ्याच बोर्डांवर सुमारे 53. कर्ण मोजला, तर हेच आकडे 82 आणि 75च्या आसपास जातात. म्हणून दुकानदाराने सांगितलेले माप बाजूचे की कर्णाचे, हे विचारून घ्यावे. आर्क्टिकचे ॲक्सेलेरो आणि रायजिनटेकचे मॉर्फिअस हे या कामाचे नावाजलेले कूलर, पण त्यांची अनेक मॉडेल्स जुन्या पिढ्यांच्या मापांची आहेत.

खरी मेख मेमरीत आणि पॉवरच्या भागात असते. मूळ हीटसिंक या भागांनाही थर्मल पॅडमधून टेकलेला असतो. एनझेडएक्सटीच्या क्रॅकन जी12 ब्रॅकेटने चिपवर लिक्विड कूलरचा पंप बसतो, शेजारी 92 मिलिमीटरचा पंखा लावता येतो. पण मेमरीला हीटसिंक मिळत नाही, तो वेगळा चिकटवावा लागतो. पॅडची जाडी तर जिवावर बेतते. प्रस्तुत लेखकाने पाहिलेल्या एका कार्डात चारही स्क्रू बिनबोभाट बसले होते, तरी गेम सुरू होताच तापमान भडके. कूलर काढला तेव्हा पेस्टचा ठसा चिपच्या एकाच कोपऱ्यावर उमटलेला दिसला. 1 मिलिमीटरच्या जागी दुकानातून दीड मिलिमीटरचे पॅड मिळाले होते आणि त्यांनी तांब्याचा तळ एका बाजूने उचलून धरला होता. जुने पॅड टाकून देण्याआधी न दाबलेल्या कडेवर त्यांची जाडी मोजून लिहून ठेवावी, यासारखा फायद्याचा सल्ला या कामात दुसरा नाही.

कार्डावरचा पंख्याचा कनेक्टर मदरबोर्डवरच्यापेक्षा लहान असतो, तेव्हा जोडवायर सोबतच घ्यावी. मोठा कूलर तीन स्लॉट अडवतो. कॅबिनेटच्या बाजूच्या पत्र्यापर्यंत किती जागा उरते, तेही आधी पाहावे. गफ्फार मार्केट सोमवारी बंद, नेहरू प्लेस रविवारी. करोल बागेहून मेट्रोच्या ब्लू लाइनने मंडी हाउस आणि तिथून व्हायोलेट लाइनने नेहरू प्लेस गाठता येते. जाताना कार्ड सोबत न्यावे आणि काउंटरवरच टेकवून बघावे.

बसवल्यावरची चाचणी ऋतू लक्षात घेऊन करावी. जानेवारीत 15 अंशांच्या खोलीत 65 अंश दाखवणारे कार्ड जूनमध्ये 40 अंशांच्या खोलीत तेवढ्याच कामाला 90च्या घरात जाते. दिल्लीच्या राजेंद्र नगरात बिनखिडकीच्या खोलीत राहणाऱ्या मराठी मुलांनी हा हिशेब आधीच मांडावा. चिपचे सरासरी तापमान आणि हॉटस्पॉट, म्हणजे तिच्यातल्या सर्वांत तापलेल्या बिंदूचे तापमान, यांत 10 ते 15 अंशांचा फरक चालतो. तो 30च्या पुढे गेला, तर दाब असमान आहे असे समजून मशीन बंद करावे आणि कूलर काढून पेस्टचा ठसा पाहावा.